पेन्शनरांचा जिल्हा

१९१६ सालच्या डिसेंबरात रत्नागिरीत थिबा वारला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली मंडाले जिंकलं, त्याला गादीवरून उतरवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये कुटुंबासह इथं आणून ठेवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढची तीस वर्षं त्याने याच गावात काढली. सरकारकडून तनखा येत होता, हाताखाली नोकरचाकर होते. १९१० च्या सुमारास भाट्याच्या खाडीच्या वर त्याच्यासाठी तांबडा, ऐसपैस राजवाडा उभा राहिला. त्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो. डोक्यावर छप्पर होतं, ठरलेलं उत्पन्न होतं, सगळा दिवस मोकळा होता. करायला मात्र काही नव्हतं आणि काही करू पाहण्याची मुभाही नव्हती. अठ्ठावन्न वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असताना तो गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माणसाने अठ्ठावन्न पुरी केली होती. त्यांचा जन्म शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८ चा. लहानपण दापोली तालुक्यातल्या मुरूडला गेलं. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून १९१४ साली ते निवृत्त झाले होते. १९१६ मध्ये याच माणसाने, धोंडो केशव कर्व्यांनी, भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं.

राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय आजही अठ्ठावन्न आहे. म्हणून ही दोन माणसं आणि ते एक वर्ष मला शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. थिबाला नावं ठेवण्याचा यात हेतू नाही. तो कैदी होता, आणि परमुलखात, परक्या भाषेत तीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल रत्नागिरीकरांना आजही हळहळ वाटते. पण घर, उत्पन्न आणि वेळ एवढ्या तीन गोष्टींवर म्हातारपण सुखात जातं असा आपल्याकडे जो पक्का समज आहे, त्याला थिबाची तीस वर्षं जबाब देतात. निवृत्तीचं नियोजन म्हणून जे काही सांगितलं जातं ते सगळं याच तीन गोष्टींभोवती फिरतं. ते आवश्यकच आहे. त्याने पुरत मात्र नाही.

हे न पुरणं रत्नागिरीत रोज दिसतं. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर, भाट्याच्या पुळणीवर, मारुती मंदिराच्या सर्कलजवळ साठीपुढची माणसं फिरायला आलेली असतात. कुणी जिल्हा परिषदेत होतं, कुणी पाटबंधारे खात्यात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. पहिले दोन-तीन महिने बरे जातात. राहिलेली देवदर्शनं होतात, मुलाकडे पुण्याला जाऊन येणं होतं, घराची डागडुजी उरकते. त्यानंतर सकाळ लांबायला लागते. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून होतं आणि घड्याळात नऊच वाजलेले असतात. फोन कमी होतात. ज्या कचेरीत तीस वर्षं शब्दाला वजन होतं, तिथं कामासाठी गेलं तर नवा लिपिक नाव विचारतो. घरात उगाच लक्ष घालायला सुरुवात होते आणि त्यावरून कुरबुरी होतात. एरवी मनमोकळी असणारी माणसंही याविषयी क्वचितच बोलतात. पगार गेल्याचं दुःख सांगता येतं. आपली कुणाला गरज उरली नाही, हे सांगताना शरम वाटते.

आता कर्व्यांकडे थोडं सविस्तर बघायला हवं. शाळेच्या पुस्तकातले कर्वे म्हणजे १८९३ चा पुनर्विवाह, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि हिंगण्याची माळरानावरची झोपडी. पेन्शनर कर्वे त्या धड्यात फारसे येत नाहीत. खरं तर त्यांच्या आयुष्याचा हाच भाग आज साठीतल्या माणसाच्या सर्वांत उपयोगाचा आहे.

१९१५ साली जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने त्यांच्याकडे आली. त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. वर्षअखेरीस मुंबईत राष्ट्रीय सामाजिक परिषद भरायची होती आणि तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना तीच पुस्तिका पुन्हा हाताशी आली आणि या वेळी ती सोडवेना. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ती अमलात आणली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं याचं उत्तर कर्व्यांना एकांतात बसून मिळालं नाही. वीस वर्षं ते ज्या कामात होते, त्याच कामाच्या वाटेवर ते टपालातून आलं. हिंगण्यात मुली शिकत होत्या म्हणून त्या पुस्तिकेचा अर्थ त्यांना लागला.

पुढचं मला याहून मोठं वाटतं. १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते विद्यापीठाच्या कामासाठी परदेशी गेले. युरोप, अमेरिका, जपान झालं, नंतर आफ्रिकाही झाली. परत आल्यावर विद्यापीठाच्या संस्थापकाने स्वस्थ बसून मानसन्मान घेतले असते तर कुणी बोट ठेवलं नसतं. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं प्राथमिक शाळा उघडायची, एवढंच त्याचं काम. पैसा उभा करायला हा म्हातारा पुण्याच्या रस्त्यांवरून दारोदार हिंडला. लहानसहान रकमा घ्यायचा, पावती द्यायचा. १९४४ साली, शहाऐंशीच्या उंबरठ्यावर, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला.

यातला क्रम बघा. आधी कॉलेज, मग विद्यापीठ, आणि त्यानंतर खेड्यातली पहिली-दुसरी. मानाच्या उतरंडीत विद्यापीठानंतर ते खाली आले आणि दर वेळी काम अधिक पायपिटीचं होत गेलं. त्याचं मूळ मुरूडमध्येच सापडतं. मुलगा असताना सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. तिथं पोचल्यावर, हा दिसायला लहान आहे, याचं वय भरत नसणार, म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शाळा आणि परीक्षेचं ठिकाण लांब असण्याची किंमत त्यांनी पायांनी मोजली होती. पुढे नोकरी करत असताना, नोकरीनिमित्त गाव सोडून गेलेल्या मुरूडकरांकडून वर्गणी घेऊन त्यांनी गावाच्या कामांसाठी मुरूड फंड उभा केला. सार्वजनिक कामाची सवय त्यांना पेन्शनीनंतर लागलेली नव्हती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निघालेल्या खेड्यातल्या शाळा त्या साताऱ्याच्या वाटेवरूनच आल्या, असं मी समजतो.

दापोलीला निवृत्तांची याहूनही जुनी परंपरा आहे. इंग्रजी फौजेतले पेन्शनर तिथं वसाहत करून राहत. कॅम्प दापोली हे नाव तिथल्या इंग्रजी छावणीवरून आलं. गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनरांतलेच. महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून १८८६ साली निवृत्त झाले. ज्या वर्षी थिबा रत्नागिरीला आला तेच हे वर्ष. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेल्या या सैनिकाने अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, ‘दीनबंधू’मधून अस्पृश्यतेवर सडेतोड लेख लिहिले. महारांची फौजेतली भरती सरकारने बंद केली तेव्हा त्याविरुद्धचा १८९४ चा अर्ज त्यांनीच तयार केला. आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर सरकारला आणि समाजाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सुभेदार रामजी सकपाळ याच पेन्शनरांपैकी, आणि त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, यांचं बालपण काही काळ याच दापोलीत गेलं. निवृत्तांच्या समाजकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे सहल, आरोग्य शिबिर, भजनी मंडळ इथपर्यंतच बोलणं जातं. वलंगकरांनी पेन्शनीत जे केलं त्याने महाराष्ट्राचं सार्वजनिक जीवन बदललं, हे रत्नागिरी जिल्ह्याने तरी विसरता कामा नये.

हा जिल्हा तसा माणसं बाहेर पाठवणारा. गिरण्या, गोदी, पोलीस, बेस्ट, पोस्ट अशी मुंबई कोकणातल्या हातांवर चालली आणि मनिऑर्डरीवर इथली घरं चालली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, हे राज्यातलं सर्वाधिक प्रमाण. यात कौतुकापेक्षा कामाला बाहेर गेलेल्या पुरुषांचा हिशेब अधिक आहे. गाव सोडलेल्यांनी पैसा मात्र मनापासून पाठवला. रत्नागिरीतून मुंबईला जाऊन नाव काढलेल्या भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. शाळा, देवळं, वाचनालयं यांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. आज जिल्ह्याला पैशाइतकीच वेळ देणाऱ्यांची चणचण आहे. वेळ असलेली माणसं परत येऊ लागली आहेत, हा त्यातला दिलासा.

ती परत यायला कोकण रेल्वेने मोठा हात दिला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला आणि रत्नागिरी मुंबईच्या आणखी जवळ आली. ज्यांनी ही रेल्वे बांधली ते ई. श्रीधरन १९९० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, भारतीय रेल्वेतून निवृत्त झाले होते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल हे एका निवृत्त अभियंत्याच्या कारकिर्दीतलं काम. ते स्वयंसेवक नव्हते, पगारी पदावर होते. तरीही अठ्ठावन्न या आकड्याचा धाक वाटणाऱ्याने पानवलचा पूल एकदा खालून उभं राहून बघावा.

निवृत्तीच्या वयात रत्नागिरीत उभ्या राहिलेल्या कामांपैकी मला सर्वांत जवळचं वाटतं ते कोकण मराठी साहित्य परिषदेचं. १९९० चं अखिल भारतीय साहित्य संमेलन रत्नागिरीत झालं. अध्यक्ष होते मधु मंगेश कर्णिक. संमेलनाध्यक्षपद हा आपल्याकडे लेखकाच्या आयुष्यातला कळस मानतात. तिथून खाली उतरल्यावर, साठीला टेकलेले असताना, पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कोमसाप’ काढली. कोकणातल्या तालुक्या-तालुक्यांत शाखा, छोटी संमेलनं, हौशी लिहिणाऱ्यांना व्यासपीठ. मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी, कवीचं स्मारक उभं राहिलं. गणपतीपुळ्याला जाणारी माणसं आता वाट वाकडी करून एका कवीच्या घरी जातात. या शाखांची कामं कोण करतं, हे कुठल्याही कार्यक्रमाला थोडं आधी गेलं की कळतं. सतरंज्या पसरणं, माईक लावून घेणं, पाहुण्यांच्या चहाकडे बघणं. त्यात निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, बँकेतली माणसं मोठ्या संख्येने असतात. ज्यांच्या हाताखाली कधी शिपाई होते ते खुर्च्या मांडत असतात.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. निवृत्तीनंतर संस्थांकडे येणारी पुष्कळ माणसं पद घेऊन यायला बघतात. अध्यक्ष नाही तर उपाध्यक्ष, निदान सल्लागार. नोकरीतल्या खुर्चीची जागा भरून काढणारी दुसरी खुर्ची त्यांना हवी असते. हे मनुष्यस्वभावाला धरून आहे, पण अशी माणसं वर्ष-दोन वर्षांत रुसून घरी बसतात. अखेर कुणी नाराज होऊ नये, एवढं सांभाळण्यातच संस्थेचा वेळ जातो. टिकतात ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एक ठरलेलं बारीक काम अंगावर घेणारी माणसं.

कातळशिल्पांचं उदाहरण निवृत्तांचं नाही, तरी ते घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण आपल्याच भागात स्वखुशीने काम करणं म्हणजे काय, याचा इतका चांगला नमुना दुसरीकडे मिळणार नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून रत्नागिरी-राजापूरचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, पायाखाली घातले. खिसा स्वतःचा आणि वेळ सुट्टीचा. निसर्गयात्री संस्था त्यातून पुढे आली. कातळावर कोरलेले हत्ती, मासे, वाघ, माणसं, अर्थ न लागलेल्या चौकटी असं शेकड्यांनी सापडत गेलं. कशेळीच्या हत्तीच्या रेषांत तर आणखी कितीतरी प्राणी दडलेले आहेत. २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी.

या शोधात म्हाताऱ्यांचा वाटा फार मोलाचा होता. कातळावर चित्रं कुठं आहेत हे लहानपणी गुरं घेऊन सड्यावर गेलेल्या वयस्क गावकऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणारे आले तेव्हा ते काठी टेकत वाट दाखवायला निघाले. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या कातळावरच्या हत्तीच्या चित्राभोवती संरक्षक बांध घातला. आता ही ठिकाणं बघायला माणसं येतात, आणि कातळावर गाडी घालू नका, चित्रावर पाय देऊ नका, खडूने रेषा काढू नका, हे सांगायला रोज कुणीतरी तिथं असावं लागतं. गावातल्या निवृत्त गुरुजींइतकं ते काम नेटकं कोण करील?

रत्नागिरी शहरात तर कामांना तोटाच नाही. जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. राज्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते आणि २०२८ मध्ये त्याला दोनशे वर्षं होतील. जुनी पुस्तकं झटकणं, फाटलेली पानं चिकटवणं, याद्या तपासणं याला सुटीच्या दिवसात जमलेली उत्साही मुलं चालत नाहीत. त्याला अक्षराची ओळख असलेला सावकाश माणूस लागतो. जिल्हाभरातल्या लहान वाचनालयांची स्थिती याहून नाजूक आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाला हातात पडते ती रक्कम सांगायलाही संकोच वाटावा अशी. तिथं आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणी बसलं तर वाचनालय दोन संध्याकाळी उघडं राहतं. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शहरात आविष्कार, आशादीप यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं काम करत आहेत. तिथल्या मुलांना हिशेब, शिवण, कागदकाम शिकवायला न कंटाळणारी माणसं लागतात. जिल्हा रुग्णालयात राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या आतल्या वाड्यांमधून रुग्ण येतात. केसपेपर कुठं काढायचा, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर, कोणता कागद झेरॉक्स करून आणायचा, यात त्यांचा अर्धा दिवस जातो. सरकारी कागदांत आयुष्य घालवलेला माणूस हे पाच मिनिटांत सोडवतो.

आणखी एक काम ठरलेल्या महिन्यातलं आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’वर ऑनलाइन देता येतो, पण शेतात आणि चुलीपुढे झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ते करता आलं पाहिजे, नेट असलं पाहिजे, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींपर्यंत फोन घेऊन कुणी गेलं पाहिजे. बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली दोन माणसं आपल्या आळीपुरती हे करू शकतात. त्यासाठी संस्था, ठराव, बॅनर काहीच लागत नाही. मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूला आणि मोठ्या घरात दोघंच, अशी घरं आता रत्नागिरीच्या प्रत्येक आळीत आहेत. तिथं दाखल्याच्या निमित्ताने गेलेला माणूस पुढच्या महिन्यात औषधं घेऊन जातो आणि त्याच्या पुढच्या महिन्यात नुसता बोलायला जातो.

ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं राज्यभर आहे, फेस्कॉम या महासंघाशी ते जोडलेले आहेत. प्रवासाच्या सवलतीपासून आरोग्यापर्यंत ज्येष्ठांचे प्रश्न त्यांनी चिकाटीने लावून धरले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. माझी अपेक्षा थोडी पुढची आहे. सभासदांचे वाढदिवस, व्याख्यानं, सहली याइतकंच ज्येष्ठांनी गावासाठी काय करायचं, हेही संघाच्या वेळापत्रकात यावं. वार लावून, नावं घालून.

वार लावण्यावर माझा भर आहे त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९९० च्या दशकात ‘एक्सपिरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. साठीपुढची माणसं सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन लहान मुलांना वाचायला शिकवत. त्यांना वर्षभर, आठवड्याला पंधरा तास, बांधून घ्यावं लागे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी या माणसांचा अनेक वर्षं अभ्यास केला. शाळेत जाणाऱ्यांची शारीरिक हालचाल वाढलेली दिसली आणि स्मरणशक्तीशी संबंधित मेंदूचा भाग वयानुसार आक्रसायला हवा तसा आक्रसला नाही, विशेषतः पुरुषांमध्ये. कुणीतरी सकाळी वाट बघतंय म्हणून कपडे करून बाहेर पडायचं, जिने चढायचे, मुलांची नावं लक्षात ठेवायची, यातच तो व्यायाम होता. तिथली आणखी एक गोष्ट मला शहाणपणाची वाटली. स्वयंसेवकांना खर्चापुरतं थोडं मानधन दिलं जाई, म्हणून गरीब वस्तीतली माणसंही येऊ शकली.

आपल्याकडे या बाजूचा विचार होत नाही. निवृत्तीनंतरच्या समाजकार्याचं बोलणं चालतं तेव्हा डोळ्यांपुढे असतो तो पूर्ण पेन्शनवाला सरकारी माणूस. पण खासगी नोकरीतून बाहेर पडलेल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. गिरणी कामगारांचं त्याहून वेगळं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि कोकणातली किती घरं त्यात बुडाली याची मोजदादच नाही. चाळिशीत काम गेलेल्या त्या माणसांना निवृत्ती कुणी दिली नाही, ती त्यांच्यावर कोसळली. त्यांच्यापैकी जे आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांना ‘समाजासाठी काही करा’ म्हणण्याआधी समाजाने आपलं देणं बघावं. तरीही गावातला शिमगा, गणपती, पाण्याची पाइपलाइन, मयतीची लाकडं या कामांत हीच माणसं सर्वांत पुढे असतात, आणि त्याला कुणी स्वयंसेवा म्हणत नाही. त्यांना शहरातल्या कामात आणायचं तर रिक्षाचे पैसे आणि दुपारचं जेवण याची सोय संस्थेने करायला हवी. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत आहे आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्धं तिकीट. गावातून तालुक्याला येण्याचा खर्च त्याने बराच हलका झाला. या सवलतींचा उपयोग दवाखान्यापलीकडे व्हायला हरकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर निवृत्तीचा सगळा हिशेबच वेगळा. शिक्षिका, परिचारिका, तलाठी म्हणून निवृत्त झालेल्या बाईच्या हाती दुसऱ्या दिवसापासून नातवंडं आणि आजारी सासूबाई सोपवल्या जातात. तिला वेळ मिळाला असं घर धरून चालतं आणि तो वेळ वाटूनही टाकतं. निवृत्त पुरुषाला प्रश्न पडतो, दिवस कसा घालवू. तिच्यापुढचा प्रश्न असतो, यातला तास कसा काढू. ज्या जिल्ह्यात बायकांची संख्या जास्त, त्या जिल्ह्यातल्या संस्थांच्या कार्यकारिणीत त्या इतक्या कमी का दिसतात, याचं उत्तर मुख्यतः स्वयंपाकघरात आहे. देवरुखला इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं आणि त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. घरच्या चौकटीतून बाहेर पडलेली एक बाई एका तालुक्याला काय देऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आज कुणा बाईंना आठवड्यातली एक दुपार अशी मिळायची असेल, तर निवृत्त नवऱ्याने त्या दुपारचा चहा, दळण आणि नातवाची शाळा अंगावर घ्यावी. तीही सेवाच आहे आणि तिची सुरुवात घरातून होते.

आपल्याकडे पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे दर वर्षी ३१ मे या दिवशी सरकारी कचेऱ्यांतून माणसं मोठ्या संख्येने निवृत्त होतात. शाल, श्रीफळ, भाषणं होतात, हातात पुष्पगुच्छ घेऊन माणूस घरी येतो. तेव्हा कोकणात पाऊस आठवड्यावर आलेला असतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. रत्नागिरी तालुक्यात पटसंख्या घसरलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, जिथं एक-दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात आणि त्यातही जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती यांची कामं त्यांच्याच गळ्यात पडतात. ज्यांना या ३१ मे ला निरोप मिळणार आहे त्यांनी मधल्या पंधरवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं. आठवड्यातले दोन वार आणि वेळ सांगावी. दुसरी-तिसरीच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायला या वेळेला मी येईन, एवढंच सांगावं. आणि जुलैतल्या मुसळधार पावसाच्या दिवशीही जावं, कारण त्या दिवशी एखादे शिक्षक हमखास अडकलेले असतात आणि मुलं मात्र छत्र्या घेऊन आलेली असतात.